राहिलेले सात किलोमीटर

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणाऱ्या ताई ५६ वर्षांच्या आहेत. रोज सकाळी मैदानावर चालणाऱ्या नऊ जणींचा त्यांचा ग्रुप आहे. तालुक्याच्या गावी मुलींचं एक वसतिगृह आहे, त्याच्या नव्या न्हाणीघरांसाठी या नऊ जणींनी २१ किलोमीटर चालून निधी उभा केला. प्रत्येकीने ओळखीच्यांकडून मदतीचा शब्द घेतला होता. काहींनी ठोक रक्कम दिली, काहींनी "जितके किलोमीटर चालशील तितके पैसे" असं सांगितलं. तेराव्या किलोमीटरला ताईंचा गुडघा सुजला आणि त्या मागून येणाऱ्या टेम्पोत बसल्या. शेवटच्या किलोमीटरला सगळ्यांनी त्यांना खाली उतरवलं, बॅनर हातात दिला आणि फोटो काढला. फोटोखाली मजकूर पडला, "नऊ जणी, २१ किलोमीटर!" ताईंच्या नावावर ३८,४०० रुपये जमा झाले. वसतिगृहात शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला, तेव्हा आठवीतल्या एका मुलीने विचारलं, "काकू, पाय नाही दुखले?" ताई म्हणाल्या, "नाही गं." ग्रुपच्या प्रमुख बाई सांगतात, "गप्प राहा. पैसे संस्थेलाच गेलेत ना? उगाच बोललीस तर पुढच्या वर्षी कुणी देणार नाही." ताई विचारतात, "मी लोकांना फसवलंय का? आता काय करू?"

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र चार पानी होतं. त्यात गुडघ्याबद्दल चार ओळी होत्या आणि त्या मुलीच्या प्रश्नाबद्दल दीड पान. तुम्हाला नेमकं काय टोचतंय ते त्यावरूनच कळलं, म्हणून मीही तिथूनच सुरुवात करते. पैशांचा हिशेब आपण पुढे करू आणि तो सोपा आहे. "नाही गं" हे दोन शब्द मात्र सोपे नाहीत. एका मुलीने तुमची आपुलकीने चौकशी केली आणि तुम्ही तिला खरं उत्तर देऊ शकला नाहीत. गळ्यात शाल होती, समोर माणसं बसली होती, बाजूला प्रमुख बाई उभ्या होत्या. अशा वेळी माणूस गडबडून जातो. यात तुमचा स्वभाव खोटा आहे असं मला मुळीच वाटत नाही. खोट्या स्वभावाच्या बाईला याचं दीड पान लिहावंसं वाटलं नसतं.

तुमचं पत्र वाचताना मला माझी एक गोष्ट आठवली. शाळेत असताना ७ डिसेंबरच्या ध्वजदिनाला आम्हाला सैनिकांच्या निधीसाठी कागदी झेंडे विकायला देत. माझ्या वाट्याला वीस आले. गल्लीत फिरून बारा विकले, मग मला कुणाच्या दाराशी जाण्याचा संकोच वाटायला लागला. उरलेल्या आठ झेंड्यांचे पैसे वडिलांनी दिले. दुसऱ्या दिवशी बाईंनी वर्गात विचारलं, "सगळे विकले?" मी म्हटलं, "हो." बाईंनी शाबासकी दिली. पैसे पूर्ण पोचले होते, कुणाचं काही बुडालं नव्हतं. पण ते आठ झेंडे टाचण्यांसकट माझ्या कपाटाच्या खणात पडून होते आणि खण उघडला की मी नजर दुसरीकडे वळवायची. "वडिलांनी घेतले" एवढं मी बाईंना कधीच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बाई रागावल्या नसत्या, हे आता कळतं. म्हणून "पैसे पोचले ना, मग झालं" हे प्रमुख बाईंचं म्हणणं मला पुरेसं वाटत नाही. पैसे पोचले ही चांगलीच गोष्ट आहे. तुमच्या मनात जे राहिलंय ते निराळं आहे.

आता हिशेबाकडे येऊ. आकडे तुम्ही नीट लिहून पाठवलेत, त्याबद्दल आभार. ३८,४०० पैकी ३०,००० रुपये ठोक आले. ते देणाऱ्यांनी किलोमीटरचा काही शब्द घातलाच नव्हता. वसतिगृहाला न्हाणीघरं हवीत हे तुम्ही सांगितलं आणि त्यांनी दिले. तुम्ही एक पाऊल चालला असतात तरी ते पैसे वसतिगृहाचेच होते. उरलेले ८,४०० अकरा जणांकडून आले. त्यांचा दर मिळून किलोमीटरला ४०० रुपये होता. तुम्ही आधी तेरा आणि शेवटी एक, म्हणजे चौदा किलोमीटर चाललात. राहिले सात. साताचे २,८०० रुपये. "मी लोकांचे अडतीस हजार खोटं बोलून घेतले" असं तुम्ही लिहिलंय, तसं काही झालेलं नाही. प्रश्न आहे तो अकरा माणसांचा, २,८०० रुपयांचा आणि एका फोटोखालच्या ओळीचा.

रक्कम लहान आहे म्हणून सोडून द्या, असं मी म्हणणार नाही. आपल्याकडची मोठी कामं अशाच लहान रकमांवर उभी राहिली आहेत. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करत पैसा फंड चालवला आणि त्यातून १९०८ साली तळेगावला काचकारखाना निघाला. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहांसाठी घरोघरच्या बायका मूठमूठ धान्य बाजूला काढून ठेवायच्या, त्यालाच मुष्टिफंड म्हणत. पैसा देणारा माणूस काही कारखान्याच्या हिशेबवह्या तपासायला जात नव्हता. मागायला आलेल्या माणसाच्या शब्दावर तो देत होता. तुमच्या अकरा जणांत कॉलनीतले इस्त्रीवाले दादा आहेत, त्यांनी किलोमीटरला पाच रुपये सांगितले आणि १०५ रुपये मोजून दिले. न चाललेल्या सात किलोमीटरचे त्यांचे पस्तीस रुपये होतात. या पस्तीस रुपयांसाठी ते तुमच्याकडे कधीच येणार नाहीत, म्हणूनच त्यांना तुम्ही आपणहून सांगावं असं मला वाटतं.

आता एक प्रश्न मी तुम्हाला विचारते. टेम्पोत बसणं ही लाजेची गोष्ट आहे, हे तुमच्या मनात कुठून आलं? तुम्ही रोज चार किलोमीटर चालता. त्यावरून एकदम २१ ठरवले, मध्ये लांब पल्ल्याचा सराव एकदाही झाला नाही आणि तेराव्या किलोमीटरला गुडघा सुजला. थांबलात हे शहाणपणाचं झालं. रेटून चालत राहिला असतात तर आज हे पत्र कदाचित अंथरुणातून लिहावं लागलं असतं. आपल्याकडच्या वारीकडे बघा. आळंदीहून पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास. दिंडीबरोबर सामानाचा ट्रक असतो आणि पाय गळाठलेली म्हातारी माणसं त्यात बसतातही. त्यांची वारी झाली नाही असं कुणी म्हणत नाही. पण त्याही आजी "मी सगळी वाट चालले" असं सांगत नाहीत. "दिवे घाट चढले आणि मग बाई ट्रकात बसले," असं मोकळेपणाने सांगतात आणि ऐकणारे त्यांच्या पाया पडतात. तुमचं चुकलं असेल तर ते टेम्पोतून उतरल्यानंतर चुकलं, चढताना नाही.

प्रमुख बाईंची भीती मी हलकी धरत नाही. त्या वर्षभर राबल्या असणार आणि नऊ जणींना बांधून ठेवणं सोपं नसतं. पण "सांगितलं तर पुढच्या वेळी कुणी देणार नाही" हे त्यांनी गृहीत धरलंय. मला याच्या उलट घडलेलं एक मोठं उदाहरण आठवतं. कॅनडातल्या टेरी फॉक्स या तरुणाचा एक पाय कर्करोगामुळे १९७७ साली कापावा लागला. कर्करोगावरच्या संशोधनासाठी पैसे उभारायचे म्हणून १२ एप्रिल १९८० रोजी तो कृत्रिम पायाने अख्खा देश पार करायला निघाला. रोज साधारण मॅरेथॉनइतकं, म्हणजे बेचाळीस किलोमीटरच्या आसपास अंतर तो धावायचा. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर झाले आणि १ सप्टेंबरला थंडर बे या शहराजवळ त्याला थांबावं लागलं. आजार फुप्फुसांत पोचला होता. त्याने स्ट्रेचरवरून पत्रकारांना सरळ सांगितलं की मला आता थांबावं लागतंय. देश पार झालाच नाही. त्यानंतर देणग्यांचा ओघ आटला नाही, उलट वाढला. देशातल्या प्रत्येक माणसामागे एक डॉलर जमावा अशी त्याची इच्छा होती आणि १९८१च्या फेब्रुवारीपर्यंत दोन कोटी चाळीस लाख डॉलरच्या वर रक्कम जमली. त्याच वर्षी जूनमध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी तो गेला. त्याच्या नावाने आजही देशोदेशी लोक धावतात, चालतात, आपल्या मुंबईतही असे कार्यक्रम झालेत. त्याचं दुःख आणि तुमचा गुडघा यांची तुलना मी करत नाही. पण लोकांना अर्ध्यावर थांबलेला माणूस चालतो, हे मात्र यातून नक्की दिसतं.

आता काय करता येईल ते पाहू. तुम्ही स्वतःच तीन वाटा लिहिल्या आहेत. पहिली, गप्प बसायचं. ती तुम्हाला जमणार नाही, जमली असती तर पत्र आलंच नसतं. दुसरी, गुपचूप स्वतःचे २,८०० रुपये वसतिगृहाला द्यायचे. ही वाट मला आधी बरी वाटली होती, मग माझ्या खणातले आठ झेंडे आठवले. असे गुपचूप दिलेले पैसे वसतिगृहाला उपयोगी पडतील, पण इस्त्रीवाल्या दादांना काहीच कळणार नाही आणि तुम्हाला त्यांच्या दुकानावरून जाताना तसंच वाटत राहील. शिवाय अकरा जणांच्या वतीने परस्पर ठरवण्याचा हक्क आपल्याला नाही. तिसरी, ग्रुपवर सगळं जाहीर लिहायचं. तीही मी सुचवणार नाही. त्याचं कारण तुमच्याच पत्रात एका कोपऱ्यात आहे. आणखी दोघी जणी थोडा वेळ टेम्पोत होत्या, असं तुम्ही लिहिलंय. त्यांचं काय करायचं हे त्या ठरवतील. त्यांचे किलोमीटर मोजून सांगणं तुमचं काम नाही आणि रागाच्या भरात तर मुळीच नाही.

म्हणून मी सांगते ते असं करून बघा. सर्वांत आधी प्रमुख बाईंच्या घरी जा. फोनवर नको, चहाला जा. त्यांना विचारू नका, सांगा: "मी माझ्या अकरा जणांना माझ्यापुरतं खरं काय ते सांगणार आहे. तुमच्याबद्दल किंवा इतरांबद्दल एक शब्द बोलणार नाही. फोटोखालच्या ओळीत मात्र 'नऊ जणींनी मिळून' एवढा बदल करा." त्या कदाचित चिडतील. चिडू द्या, पण त्यांना ही गोष्ट दुसऱ्या कुणाकडून कळायला नको. मग त्या अकरा जणांना एकेकट्याला सांगा. इस्त्रीवाले दादा, शेजारच्या वहिनी, रोज भेटणारी माणसं यांना समोरासमोर सांगा. पुण्या-मुंबईच्या भाच्यांना आणि दिरांना मेसेज पुरेल. मेसेज कसा लिहू असं तुम्ही विचारलंय, तर असा लिहा:

"परवाच्या वॉकला मी २१ पैकी १४ किलोमीटर चालले. गुडघा सुजल्याने मधले सात टेम्पोतून गेले. फोटोवरून तुमचा समज वेगळा झाला असेल, तेव्हाच सांगायला हवं होतं, राहिलं. तुम्ही किलोमीटरप्रमाणे दिलेत, म्हणून सांगते. सात किलोमीटरचे पैसे परत हवे असतील तर मी माझ्याकडून देते. संस्थेकडेच राहू द्यायचे असतील तर तसं कळवा. गुडघा बरा झाला की राहिलेले सात मी चालणार आहे."

यात गुडघ्याचं वर्णन लांबवू नका आणि माफीही तीन-तीनदा मागू नका. फार माफी मागितली की समोरचा माणूस आपली समजूत काढत बसतो आणि त्याला स्वतःला काय हवंय ते बाजूला राहतं. कुणी पैसे परत मागितलेच तर ते वसतिगृहाकडून काढून घेऊ नका, स्वतःचे द्या. आणि ते राहिलेले सात किलोमीटर खरोखर चाला. यासाठी मुहूर्त, बॅनर काही नको. आधी अस्थिरोगतज्ज्ञांना गुडघा दाखवा, त्यांनी होकार दिला की तुमच्याच मैदानावर रोज एक किलोमीटर याप्रमाणे सात दिवस चाललात तरी पुष्कळ. सलग चालायचा शब्द तुम्ही दिलेला नव्हता. डॉक्टर नको म्हणाले तर तेही अकरा जणांना कळवा आणि विषय तिथे संपवा.

इथून पुढचं मी अशा उपक्रमांत उतरणाऱ्या सगळ्यांसाठी लिहिते, कारण अशी पत्रं मला हिवाळ्यात दरवर्षी येतात. ऑफिसचा वॉकेथॉन असो, सोसायटीचा असो नाहीतर शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा, बहुतेक भांडणं ही आधी न बोललेल्या गोष्टींतून होतात. पैसे मागतानाच सांगून टाका की "मी २१ चालायचा प्रयत्न करणार आहे, पण जमेल तेवढं चालेन आणि किती चालले ते कळवेन." माझा स्वतःचा कल ठोक रकमेकडे आहे. किलोमीटरचा दर ऐकायला मजेचा वाटतो, पण त्यामुळे पाय दुखत असतानाही माणूस "अजून पन्नास रुपये" म्हणून पुढे रेटतो, आणि पन्नाशी-साठीच्या माणसांनी हे करू नये. ग्रुपने टेम्पो ठेवलाच आहे तर त्यात बसणं आधीपासून नियमात धरा. प्रत्येकाने किती अंतर चालायचं ते ज्याचं त्याने ठरवावं, कुणी पाच, कुणी दहा, आणि एकूण किलोमीटर सगळ्यांचे मिळून मोजावेत. नऊ जणींनी मिळून १६० किलोमीटर केले, यात कुणालाही खोटं बोलावं लागत नाही.

सरावाबद्दल एवढंच सांगते. दोन-अडीच महिने आधी सुरुवात करा, आठवड्यातून एकदा लांब चाला आणि दर आठवड्याला एक-दोन किलोमीटरच वाढवा. त्या दिवशी नवे बूट घालू नका. पहाटे निघा, कारण आपल्याकडे दहानंतर डांबरी रस्ता पाय भाजतो.

आणि पावत्यांचं. तुमच्या पत्रातली एक गोष्ट मला गुडघ्याइतकीच काळजीची वाटली. बहुतेकांनी पैसे तुमच्या खात्यावर पाठवले आणि तुम्ही ते एकत्र संस्थेला भरले. म्हणजे पावती निघाली ती तुमच्या एकटीच्या नावाने. ज्यांना देणगीवरची प्राप्तिकरातली सवलत, जिला ८०-जी म्हणतात, घ्यायची असेल त्यांना ती आता मिळणार नाही, कारण देणगीदार म्हणून त्यांचं नावच कुठे नाही. तुमच्या नावावर दिसणाऱ्या या रकमेची सवलत तुम्हीही घेऊ नका, ते पैसे तुमचे नव्हते. पुढच्या वेळी संस्थेचं खातं किंवा क्यूआर कोड थेट देणाऱ्यांना पाठवा, पॅन क्रमांक त्यांनी संस्थेलाच द्यावा आणि पावती संस्थेकडून परस्पर जाऊ द्या. दोन हजारांच्या वरची देणगी रोख घेतली तर तिच्यावर सवलत मिळत नाही आणि नव्या करप्रणालीत गेलेल्यांना ती तशीही नसते, हेही मोठी रक्कम देणाऱ्याला आधीच सांगावं. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे ना, हे मागायला निघण्यापूर्वी बघून घ्यावं. इस्त्रीवाल्या दादांना पावतीची गरज नसेल, पण संस्थेचं नाव असलेला कागद त्यांच्याही हातात पडला पाहिजे. या वेळेचं म्हणाल तर संस्थेला सगळ्या देणाऱ्यांची यादी रकमांसह द्या आणि प्रत्येकाला दोन ओळींचं आभारपत्र पाठवायला सांगा. ज्या घरांतून कागद येतो, ती घरं पुढच्या वर्षीही देतात, हे मी बऱ्याच संस्थांत जवळून पाहिलंय.

शेवटी तुमची ती मुलगी. तुम्ही लिहिलंय की न्हाणीघरांचं काम सुरू झालंय आणि तुम्हाला बघायला बोलावलंय, पण जायला पाय उचलत नाही. जा ताई. अकरा जणांशी बोलून झालं की जा. तिने तुम्हाला पाय दुखले का, एवढंच विचारलं होतं, किती चाललात हे नाही. त्या मुली रोज शाळेसाठी, पाण्यासाठी चालतात, पाय दुखणं म्हणजे काय हे त्यांना माहीत आहे. तिला बाजूला घेऊन सांगा, "त्या दिवशी तू विचारलंस ना, खूप दुखले गं. तेरा किलोमीटरनंतर मी टेम्पोत बसले." मग ती काय म्हणते ते मला जरूर कळवा. आणि डॉक्टरांकडे याच आठवड्यात जाऊन या, सूज उतरली असली तरी.